साडेबारा हजार किलोमीटर आणि वरखर्च

मुंबई ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर सुमारे १२,५३० किलोमीटर आहे आणि मध्ये कुठंही न उतरणारं विमान ते साधारण सोळा तासांत कापतं. एवढ्यावर ज्यांचं समाधान होतं त्यांनी पुढं वाचलं नाही तरी चालेल. पण आपल्याकडं कुणी रक्कम सांगितली की ‘त्यात काय काय धरलंय?’ असं विचारायची पद्धत आहे. मंगल कार्यालयाचं भाडं सांगितलं की वीज धरली का, भांडी धरली का, सकाळचा चहा धरला का, हे विचारल्याशिवाय आपण विसार देत नाही. तिकिटावरच्या सोळा तासांना मात्र हा प्रश्न कुणीच विचारत नाही.

विचारायला गेलं तर पहिल्याच पायरीला ठेच लागते. विमान ताशी नऊशे किलोमीटरच्या आसपास जातं. शाळेतलं काळ-काम-वेगाचं गणित लावलं तर उत्तर चौदा तासांहून थोडं कमी येतं. वरचे दोन तास कुठले? गणिताच्या पुस्तकातली आगगाडी फार गुणी असते. ती खांब ओलांडते, पूल ओलांडते, समोरून येणाऱ्या गाडीला अमुक सेकंदांत पार करते. पण तिला कधी सिग्नल लागत नाही आणि घाट चढायला कर्जतला मागून इंजिन जोडावं लागत नाही. खऱ्या विमानाचं तसं नाही. ते दार लावून धावपट्टीपर्यंत रांगत जातं, पुढं सहा विमानं असली तर रांगेत उभं राहतं, जड पोटानं हळूहळू चढतं आणि उतरतानाही कुणी ‘या’ म्हणेपर्यंत घिरट्या घालतं. तिकिटावरची वेळ ही दार लागल्यापासून दार उघडेपर्यंतची. शिवाय कंपन्या त्यात थोडी सवड आधीच घालून ठेवतात, त्यामुळं उशिरा निघालेलं विमानही वेळेवर पोचतं आणि आपण उगाच वैमानिकाचं कौतुक करतो.

पण खरा गोंधळ रस्त्याचा आहे. भिंतीवरच्या नकाशात मुंबई आणि न्यूयॉर्क पट्टीनं जोडा. रेघ अरबी समुद्रावरून सौदी अरेबिया, इजिप्त, लिबिया, अल्जीरिया असं करत मोरोक्कोतून अटलांटिकमध्ये शिरते. दिसायला अगदी सरळ. आणि ही सरळ रेघ खऱ्या जवळच्या रस्त्यापेक्षा जवळपास सतराशे किलोमीटर लांब पडते! दोष पट्टीचा नाही, नकाशाचा आहे. मर्केटर नावाच्या गृहस्थांनी १५६९ मध्ये खलाशांसाठी जो नकाशा काढला त्याचेच वंशज आपल्या वर्गातल्या भिंतींवर टांगलेले असतात. त्यात ध्रुवाकडचे प्रदेश असे काही फुगतात, की ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदा पट आहे. पृथ्वीचा गोल घेऊन त्यावर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत दोरा ताणून धरला तर तो सिंध, अफगाणिस्तान, कझाकस्तान, रशिया, नॉर्वे, आइसलंड असा वर वर चढत ग्रीनलंडच्या टोकाजवळून खाली येतो. हाच जवळचा रस्ता.

समोरच्या खुर्चीच्या पाठीवरल्या पडद्यावर हा रस्ता पहिल्यांदा पाहणाऱ्या काकूंचा चेहरा बघण्यासारखा असतो. “अहो, हे रशियाकडं चाललंय. विचारा ना कुणाला तरी.” काका विचारत नाहीत. नवऱ्यांनी रस्ता विचारायचा नाही हा नियम दहा किलोमीटर उंचीवरही लागू असतो. ते म्हणतात, “त्याला कळतं. तू झोप.” आणि मग स्वतः तासभर पडद्याकडं टक लावून बसतात, कारण त्यांनाही ते पटलेलं नसतं.

काकूंची शंका अगदीच निराधार आहे असंही नाही. जून २०२३ मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं एअर इंडियाचं विमान इंजिनातल्या बिघाडामुळं रशियाच्या पार पूर्व टोकाला, मगदानला उतरलं होतं. कॅलिफोर्नियातल्या उन्हाळ्याचे कपडे भरलेल्या माणसांना तिथं मुक्काम करावा लागला. दुसऱ्या विमानानं ती मंडळी पुढं सुखरूप गेली. पण अमेरिकेच्या व्हिसावर सैबेरियाचा मुक्काम म्हणजे वरखर्चच की.

त्यातून दोरा ताणून मिळालेला रस्ताही विमानाला मिळेलच असं नाही, कारण आकाशातही भाऊबंदकी आहे. २०१९ मध्ये पाकिस्ताननं काही महिने आपलं आकाश बंद ठेवलं. एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांसाठी पुन्हा बंद केलं, आणि भारतानंही लगेच उलट तसंच केलं. अमेरिका आणि रशिया यांचं २०२२ पासून युक्रेनवरून बिनसलं, आणि त्यांनी एकमेकांच्या विमानांना मज्जाव केला. निष्पन्न काय, तर भारतीय विमानाला रशिया चालतो पण पाकिस्तान चालत नाही. अमेरिकन विमानाला पाकिस्तान चालतो पण रशिया चालत नाही. दोघंही निघतात एकाच गावाहून आणि जातात एकाच गावाला. वळसा मात्र ज्याचा त्याचा.

आता वारा. जाताना सोळा तास आणि येताना साडेचौदा, हे ऐकल्यावर आमच्या सोसायटीतल्या कट्ट्यावर दर वेळी एक सिद्धान्त मांडला जातो. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडं फिरते, त्यामुळं म्हणे न्यूयॉर्क आपल्यापासून दूर पळतं. मांडणारे काका निवृत्त अभियंता असल्यामुळं त्यांना कुणी अडवत नाही. खरं म्हणजे पृथ्वीसोबत हवाही फिरते, विमानही फिरतं आणि कट्टाही फिरतो. नाही तर हेलिकॉप्टरनं नुसतं वर जाऊन थांबायचं आणि खाली अमेरिका आली की उतरायचं, एवढ्यावर काम भागलं असतं. तेही पश्चिमेला जाताना, म्हणजे काकांच्या बरोबर उलट! फरक पडतो तो नऊ-दहा किलोमीटर उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडं सुसाटणाऱ्या वाऱ्याच्या पट्ट्यांमुळं. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. अमेरिकेला जाताना तो तोंडावर येतो, परतताना पाठीवर.

या वाऱ्याच्या शोधाची कथा मला फार आवडते. १९२० च्या दशकात वासाबुरो ओइशी नावाच्या जपानी हवामानतज्ज्ञानं फुगे सोडसोडून त्याची मोजमापं घेतली. आपलं काम साऱ्या जगाला कळावं म्हणून त्यांनी अहवाल लिहिला तो एस्पेरांतोत, म्हणजे साऱ्या जगासाठी मुद्दाम बनवलेल्या भाषेत. साहजिकच तो जगात फारसा कुणी वाचला नाही. पुढं दुसऱ्या महायुद्धात जपानकडं निघालेल्या अमेरिकन बॉम्बफेकी विमानांना समोरून हा वारा लागला, तेव्हा वरती काहीतरी भलतंच आहे हे त्यांना अंगावर घेऊन कळलं.

आणि हा वारा काळ-काम-वेगाच्या गणिताचं पार हसं करतो. एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जायचं. अंतर सुमारे १३,९०० किलोमीटर. २०१६ च्या ऑक्टोबरात त्यांनी ते उलट्या बाजूनं, पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर झालं १५,३०० किलोमीटर, म्हणजे चौदाशे किलोमीटर जास्त. आणि वेळ सुमारे दोन तास वाचला, कारण वारा पाठीशी होता. लांबच्या रस्त्यानं लवकर पोचतो असं आजवर फक्त रिक्षावाले सांगत आले होते. त्यांना असा भक्कम पुरावा मिळेल असं त्यांच्याही मनात आलं नसेल.

घड्याळाचा भाग तर स्वतंत्र तमाशा आहे. मुंबई ७३ अंश पूर्वेला, न्यूयॉर्क ७४ अंश पश्चिमेला. लंडन जवळपास बरोब्बर मधोमध. आपण लंडनमधल्या ग्रिनिचच्या वेळेच्या साडेपाच तास पुढं, न्यूयॉर्क पाच तास मागं. हिवाळ्यात फरक साडेदहा तासांचा. मार्चमधल्या दुसऱ्या रविवारी अमेरिका घड्याळं एक तास पुढं करते, मग तो साडेनऊ होतो आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा साडेदहा. दर वर्षी या दोन रविवारी महाराष्ट्रातले असंख्य आईबाप आपल्या मुलांना चुकीच्या वेळी फोन करतात. “तिकडं किती वाजले?” हे वाक्य त्यामुळंच जन्माला आलं असावं, आणि उत्तर मिळाल्यावर “म्हणजे कालचे का?” हे दुसरं.

उन्हाळ्यात मध्यरात्रीनंतर एकला मुंबईहून सुटलेलं विमान त्याच दिवशी सकाळी साडेसातच्या सुमाराला न्यूयॉर्कला पोचतं. घड्याळ म्हणतं, साडेसहा तास झाले. ढोपरं म्हणतात, सोळा. परत येताना दुपारी बाराला बसलं की दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला मुंबई. घड्याळाच्या हिशेबानं चोवीस तास, प्रत्यक्षात साडेचौदा. म्हणजे ज्या प्रवासाला जास्त वेळ लागतो तो कमी वेळाचा दिसतो आणि कमी लागतो तो जास्तीचा. सरकारी अहवालांखेरीज एवढा चोख उलटा हिशेब कुठं पाहायला मिळत नाही. अर्थात घड्याळाच्या बाबतीत आपणही काही कमी हट्टी नव्हतो. साऱ्या देशाची एक प्रमाणवेळ १९०६ मध्ये ठरली, तरी मुंबईनं आपली एकोणचाळीस मिनिटं मागची ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत सोडली नाही.

पण हे सगळं झालं विमानतळ ते विमानतळ. माणसं विमानतळावर राहत नाहीत. ती कोथरूडला राहतात आणि त्यांची मुलं न्यू जर्सीत एडिसनला. पुण्याहून अमेरिकेला थेट विमान नाही. लोहगाव मुळात हवाई दलाचा तळ, तिथून इतक्या लांबची मोठी विमानं उडत नाहीत. तेव्हा मुंबई आली. रात्री एकचं विमान, तीन तास आधी हजर राहायचं, म्हणजे दहा. कोथरूडहून विमानतळ दीडशे किलोमीटर. यात द्रुतगती मार्ग आहे ९४.५ किलोमीटरचा आणि नावाप्रमाणं तो द्रुत असायलाही हरकत नसते. पण घाटात ट्रक उलटला तर? पनवेलला कोंडी झाली तर? सायनला पाणी भरलं तर? ‘तर’ या अक्षरापुढं काकांचा कुठलाही युक्तिवाद टिकत नाही आणि गाडी दुपारी चारला निघते. दीडशे किलोमीटरांना नऊ तास आणि पुढच्या साडेबारा हजारांना सोळा.

गाडी निघण्याआधी बॅगांचं वजन. माणशी दोन बॅगा, प्रत्येकी तेवीस किलो, ही मर्यादा ज्यानं ठरवली त्यानं गोडा मसाला कधी पाहिलेला नसणार. स्नानघरातल्या काट्यावर आधी माणसानं एकट्यानं उभं राहायचं, मग बॅग उचलून, आणि मोठ्यातून लहान वजा करायचं, ही जुनी पद्धत. ती मोडीत निघाली, कारण त्यात काकूंचं वजन मोठ्यानं उच्चारावं लागे. आता हुकाचा काटा मिळतो. तो तेवीस पूर्णांक चार दाखवतो आणि घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो मेतकूट काढा, दुसरा म्हणतो तुमचे ते बूट काढा. बूटच निघतात. भाजणी, कुरडया, पोह्याचे पापड, अळिवाचे लाडू आणि लेक बाळंतीण असेल तर डिंकाचेही. एडिसनच्या ओक ट्री रोडवर यातलं जवळजवळ सगळं मिळतं हे प्रत्येकाला ठाऊक असतं. तरी सगळं जातं, कारण ‘तिकडच्या भाजणीला चव नाही’. ती भाजणी इकडूनच तिकडं गेलेली असते हा मुद्दा या टप्प्यावर काढण्यात अर्थ नाही.

हापूस मात्र बॅगेतून जात नाही. अमेरिकेनं भारतीय आंब्याला कित्येक वर्षं दार बंद ठेवलं होतं ते २००७ मध्ये उघडलं, पण विकिरण प्रक्रिया करून आलेल्या पेट्यांनाच. ती प्रक्रिया सुरुवातीला होत असे नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावला, कांद्यासाठी उभारलेल्या केंद्रात. म्हणजे रत्नागिरीच्या हापूसला न्यूयॉर्कला जायचं तर आधी लासलगावला जाऊन कांद्याच्या घरी हजेरी लावावी लागे. जवळच्या रस्त्यावर ज्यांची अजून श्रद्धा असेल त्यांनी या आंब्याचा विचार करावा.

मुंबई विमानतळावर चाकांच्या खुर्च्यांची जी रांग लागते तिच्यावर बरेच विनोद झाले आहेत. चढताना तीसेक खुर्च्या लागतात आणि उतरल्यावर त्यातली निम्मी माणसं स्वतःच्या पायांनी तुरुतुरु निघतात, म्हणून या विमानांना चमत्कारी म्हणण्याची चाल आहे. मी या बाबतीत खुर्चीच्या बाजूचा आहे. चार मैल लांबीची दालनं, इंग्रजीतल्या पाट्या, आणि समोर गणवेशातला एक धिप्पाड माणूस “यात काय आहे?” असं विचारत मेतकुटाची पुडी उजेडात धरून बघतोय. पिवळसर भुकटी, झिपच्या पिशवीत, वर काही लिहिलेलं नाही! अशा वेळी खुर्ची ढकलणारा, भाषा जाणणारा माणूस सोबत असणं ही गुडघ्यांची नव्हे, जिवाची गरज असते. आणि बाहेर नातू उभा दिसल्यावर आजी खुर्चीतून उठून पळाली तर त्यात वैद्यकशास्त्राला बुचकळ्यात टाकणारं काही नाही.

विमानतळ ते एडिसन आणखी साठेक किलोमीटर. इथंही अंतर कुणी किलोमीटरांत सांगत नाही, मैलांतही नाही, जावई म्हणतो, “ट्रॅफिक नसेल तर तास.” हे वाक्य ऐकून मुंबईकराला घरी आल्यासारखं वाटतं. ठाणेकरालाही दादर किती किलोमीटर ते माहीत नसतं, किती मिनिटं ते माहीत असतं. पुणेकर तेवढा वेगळा. त्याच्या लेखी सगळंच दोन मिनिटांवर असतं.

आता आनंदीबाई जोशींची आठवण काढायला हरकत नाही. एप्रिल १८८३ मध्ये त्या कलकत्त्याहून बोटीनं निघाल्या आणि न्यूयॉर्कला पोचायला जून उजाडला. अठरा वर्षांची मुलगी, सोबतीला घरचं कुणी नाही, जवळपास दोन महिने पाणीच पाणी. पुढं ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो आणि जिनिव्हा करत लंडनला गेलं, आणि १९६० मध्ये त्यांची बोइंग ७०७ विमानं न्यूयॉर्कला जाऊ लागली. त्यांचं न थांबता मुंबई–न्यूयॉर्क सुरू झालं ते २००७ मध्ये. दोन महिन्यांचे सोळा तास झाले आणि तक्रारी मात्र तितक्याच राहिल्या. फक्त आता त्या कमी जागेत बसवाव्या लागतात. तरी एका बाबतीत बोट सरस होती. ती इतकी सावकाश जाई, की शरीराला दुसऱ्या देशाची सवय वाटेतच होऊन जाई.

कारण विमानातून उतरतं ते फक्त शरीर. आतलं घड्याळ मागं राहतं आणि दिवसाला साधारण एका तासाच्या गतीनं मागून येतं. या आतल्या घड्याळाची यंत्रणा शोधून काढणाऱ्या तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल मिळालं. त्यांनी प्रयोग केले फळमाश्यांवर. कोथरूडच्या काकूंवर केले असते तर निष्कर्ष लवकर निघाले असते. पहिल्या रात्री दोनला डोळा उघडतो. काका जाऊन भांडी धुण्याचं यंत्र रिकामं करतात आणि सगळी भांडी चुकीच्या कपाटांत लावतात. तीनला भूक लागते. काकू आवाज न करता पोह्यांना फोडणी देतात, मोहरी तडतडते आणि छतावरचा धुराचा भोंगा सगळं घर उठवतो. आळीतले दोन गोरे शेजारीही उठतात. दुपारी चारला मात्र दोघंही सोफ्यावर बसल्या जागी मान टाकून झोपलेली असतात आणि नातू त्यांच्या नाकाला हात लावून बघत असतो. शरीराचा रोजचा फेरा बहुतेकांत चोवीस तासांहून किंचित मोठा असतो, त्यामुळं दिवस लांबवणं त्याला सोपं जातं आणि आखडणं अवघड. म्हणून पश्चिमेला जाताना हा त्रास जरा कमी आणि परतताना जास्त होतो, असं म्हणतात. परतल्यावरचा त्रास मात्र कुणी मोजत नाही. तेव्हा कामवाल्या बाई सोडून गेलेल्या असतात आणि जागं राहायला तेवढं कारण पुरतं.

तर साडेनऊ-साडेदहा तासांचा फरक, दिवसाला एक तास, म्हणजे आतलं घड्याळ एडिसनला पोचायला दहाएक दिवस लागतात. हा खरा प्रवासाचा वेळ, आणि तो कुठल्याच तिकिटावर छापलेला नसतो.

तेव्हा अमेरिकेतल्या मराठी लेकरांना एवढीच विनंती आहे. आईबाबा पोचले की त्यांना पहिल्या शनिवारी गाडीत घालून नायगारा बघायला नेऊ नका. तुम्ही ‘जवळच आहे’ म्हणता; एडिसनपासून तो साडेसहाशे किलोमीटर आहे आणि ट्रॅफिक नसेल तर सात तास लागतात.